उपदेशाआधीची आठ कडवी: तुकोबांच्या साधनेचे प्रकरण

तुम्ही हे कसे केलेत, असे संतमंडळींनी तुकोबांना विचारले. स्वतःविषयी बोलू नये असे त्यांना वाटत होते, पण विचारणारे संत होते. म्हणून ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’ अशी सबब आधीच नोंदवून त्यांनी उत्तर दिले. ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ या ओळीने सुरू होणारा हा अभंग गाथेच्या प्रचलित पाठात २१ कडव्यांचा आहे. पहिली दोन कडवी ओळख आणि सबब यांची. मग घरावर कोसळलेल्या संकटांची तीन कडवी. त्यानंतर सलग आठ कडवी केलेल्या कामाची. गुरूचा उपदेश एका कडव्यात आटोपतो, कवित्वाची स्फूर्ती आणखी एका. पुढची दोन आघाताची आणि उरलेल्या चारांत समारोप.

आपण तुकोबांची गोष्ट नेमक्या उलट्या मापाने सांगतो. स्वप्न, इंद्रायणीतल्या वह्या आणि वैकुंठगमन यांना तासभर, आणि मधल्या वर्षांना एक वाक्य. ऐकायला ते छान वाटते. पण स्वतः काही करू बघणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे लागत नाही, कारण माणसाला करता येण्याजोगे जे होते ते सगळे त्या एका वाक्यात गडप झालेले असते. इथे तो अभंग साधकाचा जबाब म्हणून वाचला आहे: काय आधी झाले, काय नंतर, कुठे अडले, आणि अडल्यावर काय केले.

हाताशी असलेला पुरावा

पुरावा तीन प्रकारचा आहे आणि तिन्हींचे वजन सारखे नाही. पहिला, तुकोबांचे स्वतःचे शब्द. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण त्यांवर तारखा नाहीत आणि गाथेतला अनुक्रम हा रचनेचा कालक्रम नाही. त्यामुळे ‘मन माझें चपळ न राहे निश्चळ’ हा अभंग सुरुवातीचा आणि ‘आनंदाचे डोहीं आनंदतरंग’ हा शेवटचा, असे धरून चढता आलेख काढण्याची जी सवय आहे ती निराधार आहे. दोन्ही अभंग एकाच आठवड्यातले असू शकतात. क्रम कळतो तो फक्त ज्या अभंगांत त्यांनी स्वतः ‘आधी’, ‘यावरी’ असे सांगितले आहे त्यांतून, आणि म्हणूनच २१ कडव्यांचा हा जबाब मोलाचा.

दुसरा पुरावा बहिणाबाईंचा. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) तुकोबांच्या हयातीत देहूला येऊन राहिल्या होत्या, आणि वह्यांच्या प्रकरणाचा उल्लेख त्यांच्या अभंगांत आहे. तिसरा महिपतींचा. ताहाराबादच्या महिपतींचे (१७१५–१७९०) चरित्रलेखन तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाले. आपल्याला तोंडपाठ असलेल्या बहुतेक गोष्टी तिथून आलेल्या. त्या टाकाऊ नाहीत, पण जिथे महिपती आणि तुकोबा वेगळे बोलतात तिथे तुकोबांचे ऐकावे.

पार्श्वभूमी

जन्माचे साल १६०८ असे बहुतेक ठिकाणी धरतात. देहूतले घर खाऊनपिऊन सुखी. महाजनकी, वाण्याचा व्यवसाय, देण्याघेण्याचे व्यवहार. पूर्वज विश्वंभरबुवांपासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी. ‘आदि तो हा देव कुळपूज्य’ असे तुकोबा म्हणतात ते याच अर्थाने. म्हणजे भक्ती त्यांनी शून्यातून मिळवली नाही, ती वारशाने आलेली होती. वारसा असूनही चित्त त्यात नव्हते, ही या प्रकरणातली पहिली नोंद.

आईवडील गेले. थोरल्या भावाने, सावजीने, घर सोडले. मग १६३० च्या आगेमागे दख्खनचा तो भीषण दुष्काळ. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. ही पहिली पत्नी, रखुमाई. मुलगा संतू याच काळात गेला असे परंपरा सांगते. धंद्यात तूट आली. त्या वेळच्या मनःस्थितीसाठी तुकोबांनी वापरलेले शब्द ‘लज्जा वाटे जीवा, त्रासलों या दुःखें’ असे आहेत. वैराग्य हा शब्द तिथे नाही. दिवाळे निघालेल्या, बायकोला अन्न देऊ न शकलेल्या दुकानदाराची ती लाज आहे.

याच घटनांवर दुसऱ्या एका अभंगात तुकोबा म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. हे वाक्य प्रवचनात नेहमी येते आणि ऐकणाऱ्याला वाटते की संकट आले त्या दिवशीच तुकोबा ‘बरे झाले’ म्हणाले. तसे नाही. संकटाच्या वेळी लाज होती. ‘बरें जालें’ हे मागे वळून काढलेले अनुमान आहे. अपघात, मृत्यू, कर्जबाजारीपण यांच्या पहिल्या महिन्यात जो माणूस स्वतःकडून ‘बरे झाले’ची अपेक्षा करतो, तो तुकोबांनाही जे जमले नव्हते ते स्वतःकडून मागत असतो. अशा वेळी कुणा दुःखी माणसाला ही ओळ ऐकवू नये, हेही त्यातून निघते.

आठ कडव्यांतले काम

पहिले काम हाताचे होते. ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें’. विश्वंभरबुवांच्या वेळचे घराण्याचे देऊळ पडझडीला आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. ध्यान नाही, जप नाही, ग्रंथ नाही. माती, दगड, पाणी. यामागे काही मोठी योजना होती असे अभंगात म्हटलेले नाही, मनात आले म्हणून केले. पण परिणाम बघावा: शोकात आणि लाजेत बुडालेल्या माणसाला ज्याचे मोजमाप डोळ्यांना दिसते असे काम मिळाले. आज इतकी भिंत झाली, उद्या इतकी. मन स्थिर नसताना बसून करायच्या साधनेपेक्षा उभ्याने करायचे काम आधी येणे स्वाभाविक आहे.

दुसरे, एकादशीचे कीर्तन. ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. या एका कडव्यात दोन नोंदी आहेत. वारंवारता: शुद्ध आणि वद्य मिळून महिन्याला दोन, वर्षाला २४, अधिक महिना आला तर २६. आणि कबुली: अभ्यासात चित्त नव्हते. म्हणजे चित्त लागल्यावर कीर्तन सुरू केले असे झाले नाही. कीर्तन चालू होते आणि चित्त नव्हते. एकादशी पंचांग ठरवते. आज मन लागेल का, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. रोजच्या नेमापेक्षा पंधरवड्याचा नेम सैल वाटतो खरा, पण जे मन अजून तयार नाही त्याला तो पेलतो, आणि तुटला तरी पुढची तारीख ठरलेलीच असते.

तिसरे, पाठांतर. ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां’. स्वतःचे बोलण्याआधी दुसऱ्यांचे तोंडपाठ केले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांची वचने तुकोबांच्या भाषेत इतकी मुरलेली दिसतात की या कडव्याला वेगळा पुरावा लागत नाही. पाठांतराचा उपयोग माहितीपुरता नसतो. मन रिकामे झाले की ते जुन्या वादांत, हिशेबांत, अपमानांत जाते. तोंडात आधीच काही असेल तर त्याला निदान जायला दुसरी जागा मिळते.

चौथे कडवे कीर्तनाच्या व्यवहारातले आहे आणि टाळकऱ्यांखेरीज इतरांच्या फारसे लक्षात येत नाही. ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद । भावें चित्त शुद्ध करोनियां’. पुढे गाणारा दुसरा, तुकोबा मागे उभे राहून धृपद धरणारे. वारकरी कीर्तनात बुवा निरूपणाचा अभंग घेतात, विवरण करतात, प्रमाणे देतात, आणि पुन्हा पुन्हा धृपदावर येतात. त्या जागी टाळकऱ्यांनी ते उचलायचे असते. दोन तासांत तीच एक ओळ कितीतरी वेळा येते. लक्ष उडाले की धृपद उशिरा उठते किंवा टाळ चुकतो, आणि ते सगळ्या मंडपाला ऐकू जाते. एकट्याने डोळे मिटून बसलेल्याचे मन तासभर बाजारात फिरून आले तरी कुणाला कळत नाही. टाळकऱ्याला ही सोय नाही. शिवाय मागे उभे राहण्यात श्रेय नसते. चूक दिसते, बरोबर केलेले दिसत नाही. पुढे तुकोबांच्या मागे १४ टाळकरी असत असे परंपरा सांगते. पण आधी ते स्वतः मागच्या रांगेत होते.

पाचवे आणि सहावे कडवे शरीराचे. संतांचे पायवणी, म्हणजे पाय धुतलेले पाणी, सेवन केले, ‘लाज नाहीं मनीं येऊं दिली’. आणि जमेल तेवढा परोपकार केला, ‘केलें हें शरीर कष्टवूनी’. महाजनाच्या घरातला मुलगा, गावात नाव असलेला, आणि तो लोकांची ओझी उचलतो आहे. महिपतींनी याच्या कितीतरी कथा दिल्या आहेत. दुष्काळात जी लाज वाट्याला आली होती ती इथे ठरवून अंगावर घेतली गेली.

सातव्या-आठव्या कडव्यांत वळण आहे. ‘वचन मानिलें नाहीं सुहृदाचें । समूळ प्रपंचें वीट आला’, आणि ‘सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमतां’. इष्टमित्रांचा सल्ला मोडला, बहुमत मानले नाही. हा स्वतंत्र निर्णय जबाबात कुठे येतो ते महत्त्वाचे आहे: देऊळ, एकादशी, पाठांतर, धृपद, पायवणी आणि परोपकार यांनंतर. आपल्या मनाला साक्षीदार करायचे तर ते मन आधी थोडे विश्वासार्ह झालेले असावे लागते. पहिल्याच दिवशी ‘मी माझ्या मनाचेच ऐकणार’ म्हणणारा आणि तुकोबा यांच्यात हा सहा कडव्यांचा फरक आहे.

इथे घराचाही हिशेब मांडायला हवा. महिपतींच्या कथेप्रमाणे तुकोबांनी कर्जरोखे धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर निम्मे वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. कान्होबाचा वाटा त्याला दिला, ही बाब गोष्ट सांगताना बऱ्याचदा गळते. त्याग स्वतःच्या हिश्शाचा होता, कुटुंबाच्या सगळ्या पुंजीचा नव्हता. तरी दुसरी पत्नी जिजाई आणि मुले यांच्या वाट्याला जे आले ते सोपे नव्हते. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी बाई या प्रकरणात आहेच, आणि तुकोबांनी तिला ‘कर्कशा’ म्हटले तरी तिची बाजू त्यामुळे खोटी पडत नाही. हा भाग अनुकरणीय म्हणून सांगणे आम्हाला मान्य नाही.

पावशेर तूप

आता नववी पायरी. ‘मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश । धरिला विश्वास दृढ नामीं’. या स्वप्नाचा तपशील वेगळ्या अभंगात आहे: गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, राघवचैतन्य–केशवचैतन्य ही परंपरा सांगितली, बाबाजी हे आपले नाव सांगितले आणि ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. साल अभंगात नाही. तिथी-वार जुळवून अभ्यासकांनी वेगवेगळी वर्षे काढली आहेत.

याच अभंगात एक बारीक नोंद आहे. ‘भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी’. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि ते द्यायचे राहून गेले. अभंगाची सुरुवातच ‘परी नाहीं घडली सेवा कांहीं’ अशी. काहीतरी अंतराय आला म्हणून गुरू घाईने निघून गेले, असा तुकोबांचा तर्क. ज्या क्षणाला आपण साऱ्या प्रकरणाचे शिखर समजतो त्याची त्यांनी स्वतः केलेली नोंद अशी: कृपा झाली, मंत्र मिळाला, आणि एक सेवा बाकी राहिली.

कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर: ‘यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ती’. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्व करण्याचे काम सांगून गेले, हा अभंगही प्रसिद्ध आहे. तोवर दुसऱ्यांची उत्तरे पाठ करून झाली होती, दुसऱ्यांचे धृपद धरून झाले होते.

पंधरा दिवसांचा आक्षेप

यावर एक सरळ आक्षेप येतो. तुकोबांचाच अभंग आहे, ‘पंधरा दिवसांमाजीं साक्षात्कार जाला । विठोबा भेटला निराकार’. भांबगिरीच्या पठारावर, म्हणजे चाकणजवळच्या भामचंद्राच्या डोंगरावर, वस्ती केली, साप, विंचू, वाघ अंगाशी झोंबले, वृत्ती स्थिरावली. पंधरा दिवस हा काही हळूहळू म्हणण्याजोगा काळ नव्हे.

आक्षेप खरा आहे आणि तो अभंग बाजूला सारायची गरज नाही. पण संतांनी ‘कसे केलेत’ असे विचारले तेव्हाच्या २१ कडव्यांत हे पंधरा दिवस नाहीत. भांबगिरी नाही, साक्षात्कार नाही. त्या जागी भंगलेले देऊळ आहे आणि दुसऱ्याचे धृपद आहे. अनुभव आला होता, पण विचारणाऱ्यांना वाट सांगताना त्यांनी तो मोजला नाही. दुसरे असे की डोंगरावर पंधरा दिवस टिकून राहणे ही सुटी क्रिया नव्हे. बसू शकणारे शरीर, रिकामपणी कुठे जायचे हे ठाऊक असलेले मन, लोक काय म्हणतील याची सुटलेली भीती, हे आधी लागते. ते नसताना कुणी पंधरा दिवस एकांतात गेला तर बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे हिशेब, जुनी भांडणे आणि झोप यांच्या तावडीत सापडतो, आणि आपल्याला हे जमणारे नाही असा निकाल घेऊन परततो. तो निकाल चुकीचा असतो. त्याने पुढची पायरी आधी घेतलेली असते एवढेच.

मात्रेची ही गोष्ट तुकोबांनी फार नेमकी सांगितली आहे. ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ ही ओळ शाळांच्या भिंतींवर असते, तिच्या आधीच्या ओळी भिंतीवर नसतात: ‘साधुनी बचनाग खाती तोळा तोळा । आणिकातें डोळां न पाहवे’. बचनाग हे जहाल विष. ज्याने हळूहळू अंगवळणी पाडून घेतले तो ते तोळा-तोळा खातो. तेवढेच दुसऱ्याने खाल्ले तर मरेल. सराव वाढवावा इतकेच ही ओळ सांगत नाही. सरावलेल्याची मात्रा नवख्याने घेऊ नये, हेही तिच्यात आहे. दुसऱ्या अभंगात ओले मूळ खडक भेदते, दोराने दगड कापला जातो, आणि शेवटी प्रश्न, ‘जठरीं बाळा वाव एकाएकीं?’ पोटात बाळाला जागा काय एकदम होते?

तेरा दिवस, आणि त्यानंतर

‘निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें’. शूद्राने वेदार्थ बोलू नये म्हणून विरोध झाला. वाघोलीच्या रामेश्वरभटांचे नाव परंपरा घेते. वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा धरणे धरून बसले: ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पावसी अनंता मायबापा’. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून, आणि देव पावत नाही ही तक्रार.

हे सगळे कधी घडले ते पाहावे. देऊळ झाले होते, नेम झाले होते, मंत्र मिळाला होता, कवित्व आले होते. एवढे सगळे असूनही लोकांच्या बोलण्याने चित्त दुखावले, आणि ते दुखावले हे त्यांनी जबाबात लपवले नाही. वर चढलेला माणूस पुन्हा खाली येत नाही, ही समजूत या कडव्यापाशी मोडते.

वह्या बचावल्या. ‘उदकीं राखिले कागद । चुकविला जनवाद’ असे ते स्वतः म्हणतात. कशा बचावल्या यावर मराठीत भरपूर वाद झाले आहेत, या प्रकरणाला त्यांची गरज नाही. गरज आहे ती यानंतरच्या अभंगांची. ज्याच्या बाजूने निकाल लागला तो माणूस त्या क्षणी काय म्हणतो? ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं चित्त क्षोभविलें’. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुला क्षोभवले. आणि पुढे, ‘कापो कोणी माझी मान सुखें पीडोत दुर्जन । तुज होय सीण तें मी न करीं सर्वथा ॥ चुकी जाली एकवेळा’. चूक झाली, एकदा झाली, पुन्हा करणार नाही. चमत्काराला पुरावा मानून मिरवणे हा सोपा मार्ग मोकळा होता. त्यांनी आपल्या तेरा दिवसांच्या हट्टातला दोष शोधला. विरोधकांवर राग काढला नाही. रामेश्वरभट पुढे तुकोबांच्या मंडळींत आले, हा परंपरेतला पुढचा भाग.

नावलौकिक वाढल्यावरचे संकट वेगळे. ‘दिवट्या छत्री घोडे । हें तों बऱ्यांत न पडे’, ‘मज गोविसी कासया’. सुरुवातीला लाज अडवत होती, इथे मान अडवतो आहे. म्हणजे पायरी बदलली की अडथळाही बदलतो, आणि आधीचा उपाय त्यावर चालेलच असे नाही.

दुष्काळापासून १६४९-५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेपर्यंत सारे प्रकरण वीसएक वर्षांतले आहे. जबाब संपवताना त्यांनी लिहिले, ‘आतां आहे तैसा दिसतो विचार । पुढील प्रकार देव जाणे’. आज आहे ते असे दिसते, पुढचे माहीत नाही. पूर्ण झालो असे विधान त्या २१ कडव्यांत कुठेही नाही.

क्रम कुठे बिघडतो

हा क्रम संप्रदायाने बऱ्याच प्रमाणात जपला. माळ, एकादशी, हरिपाठ आणि वारी ही चौकट कुणाच्याही मनःस्थितीवर अवलंबून नाही. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकणे चार वर्षांचे असते. विद्यार्थी आधी पाठांतर करतो, टाळ घेऊन मागे उभा राहतो, आणि मग केव्हातरी कीर्तनाला पुढे येतो.

घरी बसून सुरुवात करणाऱ्याकडून मात्र हा क्रम सहसा तीन ठिकाणी बिघडतो. पहिली गफलत, नवव्या पायरीपासून आरंभ. आधी मंत्र, आधी अनुग्रह, आधी शिबिर. हाताचे काम आणि पाठांतर ‘नंतर बघू’. मंत्र खोटा नसतो, पण तो धरून ठेवायला मागे काही नसते, आणि दोन महिन्यांत तो गळतो. दुसरी, मात्रा. पहिल्या आठवड्यात पहाटे चारला उठणे, तासभर जप, संपूर्ण हरिपाठ, उपास, सगळे एकदम. घरात आजारपण किंवा परीक्षा आली की सगळे एकदम बंद, आणि बंद पडल्याची खंत इतकी की पुन्हा थोडे सुरू करणेही लाजिरवाणे वाटते. तिसरी, बाहेरचे तेवढे उचलणे. वह्या बुडवणे, धंदा सोडणे, घरच्यांचे न ऐकणे ही तुकोबांच्या चरित्रातली सर्वांत दिसणारी अंगे. ‘वचन मानिलें नाहीं सुहृदाचें’ हे सातवे कडवे आहे, पहिले नव्हे.

पेलेल अशी मात्रा जबाबातूनच काढता येते. दर एकादशीला एक अभंग पाठ करायचा. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग आहेत, बहुतेक चार-पाच कडव्यांचे. वर्षाला २४ एकादश्या धरल्या तर सव्वा वर्षाच्या आत पूर्ण हरिपाठ तोंडात येतो. पंधरा दिवसांत चार-पाच कडवी हे ओझे नोकरी, लेकरे, दुखणी सांभाळूनही उचलता येते. एखादी एकादशी चुकली तर पुढच्या एकादशीला दोन अभंग घेऊ नयेत, एकच घ्यावा. थकबाकी भरायला गेले की नेम कर्जासारखा वाटू लागतो. सोबत हाताचे एक काम असावे ज्याचे श्रेय मिळणार नाही: देवळाचे झाडलोट, हरिपाठाच्या मंडळींची सतरंजी उचलणे, वारीच्या मुक्कामी पाणी भरणे. गावात भजन असेल तर मागच्या रांगेत टाळ घेऊन वर्षभर उभे राहावे, चाल सांगायला पुढे जाऊ नये.

नोंद ठेवायची असेल तर तारीख आणि अभंगाचा पहिला चरण, एवढीच ठेवावी. मन लागले का, शांत वाटले का, हे रकाने वहीत करू नयेत. एकाच महिन्यात दोन विरुद्ध उत्तरे येतात आणि दोन्ही खरी असतात. सहा महिन्यांनी वेगळाच एक प्रश्न विचारून पाहावा, आणि तो घरच्यांना विचारावा: अपमान झाल्यावर गप्प बसायला पूर्वी किती दिवस लागत, आता किती लागतात?